वेल्सचे १५८८ : न्यायालयातून काढून टाकलेली भाषा चर्चमध्ये कशी आली?

प्रश्न : रावपुऱ्याहून (वडोदरा)

सप्रेम नमस्कार. वडोदऱ्यात आमचे बारा-पंधरा जणांचे एक मराठी वाचनमंडळ आहे. दर महिन्याला एका सभासदाने जगाच्या इतिहासातील कोणतेही एक वर्ष निवडायचे आणि त्यावर तासभर बोलायचे, असा आमचा क्रम आहे. पुढच्या महिन्यात माझी पाळी असून मी वेल्सच्या इतिहासातील १५८८ हे वर्ष घेतले आहे. विल्यम मॉर्गन या पाद्र्याने केलेले संपूर्ण बायबलचे वेल्श भाषांतर त्या वर्षी लंडनमध्ये छापून निघाले. इंग्लंडमध्ये १५८८ म्हटले की स्पेनच्या आरमाराची धूळधाण आठवते; शेजारच्या वेल्समध्ये मात्र तेच वर्ष एका ग्रंथामुळे लक्षात राहिले. या फरकानेच मला या विषयाकडे ओढले.

तयारी करता करता मी एका जागी अडले आहे. त्याआधी ५२ वर्षे, म्हणजे १५३६ मध्ये, आठव्या हेन्रीच्या राजवटीत वेल्सला इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत कायमचे सामील करून घेणारा कायदा झाला. त्यातील एका कलमाने न्यायालयांचे कामकाज इंग्रजीतच चालावे असे ठरवले, आणि ज्याला इंग्रजी येत नाही अशा वेल्शभाषकाला कोणतेही सरकारी पद मिळू नये असेही ठरवले. ज्या राजघराण्याने या भाषेला कचेरीच्या पायऱ्या चढू दिल्या नाहीत, त्याच घराण्यातील एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत त्याच भाषेतील बायबल सरकारी आज्ञेने चर्चमध्ये ठेवले गेले. हे कसे घडले? धोरण बदलले, की दोन्ही गोष्टी एकाच धोरणाच्या दोन बाजू होत्या?

दुसरा प्रश्न असा की, ‘बायबलने वेल्श भाषा वाचवली’ हे विधान मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आढळते. ते मी व्याख्यानात जसेच्या तसे म्हणू का? माझे आजोबा संस्थानी अमदानीत कोठीच्या कचेरीत कारकून होते. त्यांचे मराठी आणि गुजराती दोन्ही अक्षर वळणदार होते. आज माझ्या घरातील तिसरी पिढी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. त्यामुळे एखादी भाषा कशामुळे ‘वाचते’ हा प्रश्न मला परीक्षेतल्या प्रश्नासारखा वाटत नाही, आणि म्हणूनच सोपे उत्तर देऊन पुढे जाण्याची इच्छा होत नाही.

उत्तर : जुनी बखर

ताई, आपला पहिला प्रश्न अचूक आहे. त्याचे उत्तर १५६३ च्या कायद्यात सापडते. १५३६ चे कलम न्यायदान आणि नोकऱ्या यांपुरते होते. लोकांनी घरात किंवा बाजारात काय बोलावे याविषयी त्यात काही नव्हते, आणि देवळातली भाषा तेव्हा सर्वत्र लॅटिन असल्यामुळे तो प्रश्नही उभा राहिला नव्हता. तो उभा राहिला १५४९ मध्ये, जेव्हा प्रॉटेस्टंट पंथाकडे वळलेल्या सर्व राज्यात इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा झाला. वेल्समधल्या शेतकऱ्याला लॅटिन कळत नव्हती हे खरे, पण ती शतकानुशतके कानावर पडलेली होती आणि परंपरेने तिला पावित्र्य आले होते. इंग्रजी त्याला तितकीच अनोळखी होती आणि त्या पावित्र्याचा आधारही तिला नव्हता. प्रॉटेस्टंट सुधारकांचे मूळ म्हणणे तर असे होते की, माणसाने धर्मवचन स्वतःला समजेल अशा भाषेत ऐकले पाहिजे. मग वेल्समध्ये इंग्रजीतून उपासना लादणे म्हणजे आपल्याच तत्त्वाला हरताळ फासणे होते.

ही विसंगती प्रथम पकडली ती विल्यम सॅल्सबरी या वेल्श पंडिताने. १५५१ मध्ये त्याने उपासनेत वाचावयाचे बायबलमधील निवडक उतारे वेल्शमध्ये छापून काढले. त्याआधी १५४६ मध्ये सर जॉन प्राइस याने वेल्शमधील पहिले छापील पुस्तक काढले होते, आणि पुढच्याच वर्षी सॅल्सबरीचा वेल्श-इंग्रजी शब्दकोश आला होता. म्हणजे १५८८ कडे जाणारी वाट चाळीसेक वर्षे आधी मळू लागली होती.

१५६३ मध्ये पार्लमेंटने कायदा करून वेल्समधील चार बिशप आणि हेरेफर्डचा बिशप अशा पाच जणांवर जबाबदारी टाकली की, १ मार्च १५६७ पर्यंत बायबल आणि प्रार्थनाग्रंथ यांचे वेल्श भाषांतर छापून तयार व्हावे आणि वेल्श बोलल्या जाणाऱ्या सर्व चर्चमध्ये उपासना त्या भाषेतून व्हावी. १ मार्च हा वेल्सचा संत डेव्हिड याचा दिवस. हेरेफर्ड इंग्लंडमध्ये असूनही त्याच्या बिशपचे नाव आले, कारण त्याच्या अधिकारक्षेत्रात वेल्शभाषक वस्त्या होत्या. याच कायद्यात आणखी एक कलम आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. प्रत्येक चर्चमध्ये वेल्श प्रतीच्या शेजारी इंग्रजी प्रतही ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहता पाहता लोकांना इंग्रजी लवकर येईल, असे त्यात म्हटले होते. धोरण बदलले नव्हते. राज्यकर्त्यांना एका धर्माचे राज्य आधी हवे होते आणि एका भाषेचे राज्य नंतर चालणार होते. पहिल्यासाठी त्यांनी दुसरे थोडे लांबणीवर टाकले, आणि ते लांबणीवर टाकलेले नंतर कधीच पूर्णपणे साधले नाही.

ठरलेल्या मुदतीत काम अर्धेच झाले. सेंट डेव्हिड्सचा बिशप रिचर्ड डेव्हिस याच्या अबरग्विली येथील वाड्यात बसून सॅल्सबरी, स्वतः डेव्हिस आणि टॉमस ह्यूएट यांनी नवा करार आणि प्रार्थनाग्रंथ तयार केला. दोन्ही १५६७ मध्ये छापले गेले. जुना करार मात्र राहिला. सॅल्सबरी आणि डेव्हिस काही वर्षे त्यावर काम करत होते, पण एका शब्दाच्या अर्थावरून आणि व्युत्पत्तीवरून दोघांचे बिनसले आणि काम थांबले, अशी हकीकत ग्विदिरच्या सर जॉन विन याने पुढे लिहून ठेवली आहे. १५६७ पासून वीस वर्षे वेल्समधल्या चर्चमध्ये अपुरेच बायबल वेल्शमध्ये होते.

१५८७ मध्ये जॉन पेन्री या तरुण प्युरिटनाने (कडव्या प्रॉटेस्टंट सुधारकाने) पार्लमेंटला उद्देशून एक जळजळीत पुस्तिका लिहिली. वेल्समध्ये धर्मोपदेश मिळत नाही आणि लोक अंधारात मरत आहेत, अशी तिची तक्रार होती. मॉर्गनचे भाषांतर त्याच सुमारास छापखान्यात गेले. सप्टेंबर १५८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राणीच्या सल्लागार मंडळाने, वेल्समधील बिशपांना आणि हेरेफर्डच्या बिशपाला पत्र पाठवून नाताळापूर्वी प्रत्येक चर्चने हा ग्रंथ विकत घ्यावा असे बजावले. त्याच उन्हाळ्यात स्पेनचे आरमार खाडीतून परतवले गेले होते. कॅथलिक स्पेनची धास्ती अजून ओसरली नव्हती, आणि पश्चिमेकडचा समुद्रकिनारा उघडा असलेला वेल्स आपल्या धर्माचा राहणे लंडनला फार गरजेचे वाटत होते. आपण म्हणता ती १५८८ ची दोन रूपे, आरमार आणि ग्रंथ, माझ्या मते याच ठिकाणी एकमेकांना भेटतात.

उत्तर : पाणीगेट

वरील विवेचन मला मान्य आहे. तरीही ‘बायबलने भाषा वाचवली’ हे वाक्य ताईंनी व्याख्यानात म्हणू नये, असे मी आग्रहाने सुचवेन.

पहिली गोष्ट म्हणजे, १५८८ मध्ये वेल्श भाषा मरणपंथाला लागलेली नव्हती. बहुसंख्य लोकांना तीच एक भाषा येत होती आणि पुढची दोन-अडीचशे वर्षे हे चित्र फारसे बदलले नाही. दुसरी गोष्ट, हा ग्रंथ चर्चमधील उंच पीठावर ठेवण्यासाठी काढलेला मोठ्या आकाराचा, जाड ठशांचा जाडजूड ग्रंथ होता. तो घराघरात पोचला नाही आणि पोचला असता तरी वाचता येणारे फार थोडे होते. घरात ठेवता येईल असे लहान आकाराचे बायबल १६३० मध्ये आले. त्याची किंमत पाच शिलिंग होती आणि ते काढण्याचा खर्च लंडनमध्ये व्यापारात पैसा मिळवलेल्या वेल्श मंडळींनी उचलला. सामान्य माणूस वाचू लागला तो त्याहूनही उशिरा. १७३० च्या दशकात लानदाउरोर गावचा पाद्री ग्रिफिथ जोन्स याने फिरत्या शाळा सुरू केल्या. एका गावी साधारण तीन महिने शाळा भरायची, मुले आणि मोठी माणसे वेल्शमधून धर्मग्रंथ वाचायला शिकायची आणि मग शिक्षक पुढच्या गावी जायचा. १७६१ मध्ये जोन्स वारला तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या. मला तर हे काम १५८८ पेक्षा मोठे वाटते.

आणि जे गेले तेही सांगायला हवे. न्यायालयात वेल्शला मर्यादित प्रवेश १९४२ मध्ये मिळाला, आणि वेल्समधल्या न्यायालयात हवे त्याने वेल्शमध्ये बोलण्याचा हक्क १९६७ मध्ये. चारशेहून अधिक वर्षे या भाषेत खटला चालला नाही, फर्मान निघाले नाही, जमिनीचा व्यवहार सरकारदरबारी नोंदला गेला नाही. केवळ देवघरात जिवंत ठेवलेली भाषा पुरेशी जिवंत असते का, हा प्रश्न मला तरी बोचतो.

उत्तर : व्याकरणाचा विद्यार्थी

पाणीगेट यांच्या पहिल्या मुद्द्याला मी एक तुलना जोडतो, कारण तीमुळे त्यांचा निष्कर्ष थोडा हलतो. वेल्सच्या दक्षिणेला समुद्रापलीकडे कॉर्नवॉल आहे. तिथली कॉर्निश भाषा वेल्शची सख्खी बहीण. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनाग्रंथाविरुद्ध तिथे बंड झाले, आणि आमच्यापैकी काहींना इंग्रजी येतच नाही, असे बंडवाल्यांनी आपल्या मागण्यांत लिहून दिले. बंड चिरडले गेले. कॉर्निशमध्ये प्रार्थनाग्रंथही झाला नाही आणि बायबलही झाले नाही; अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती भाषा बोलणाऱ्यांचा समाज उरला नाही. कॉर्नवॉल लहान होते आणि बाकी कारणेही होती, तेव्हा एकट्या भाषांतराच्या अभावावर सारा दोष टाकता येणार नाही. पण १५४९ मध्ये एकाच अडचणीत सापडलेल्या दोन बहिणींपैकी एकीला दर रविवारी उभे राहण्यासाठी जागा मिळाली आणि दुसरीला मिळाली नाही, एवढे तरी म्हणावेच लागेल.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, तो म्हणजे भाषांतराची भाषा. १५६७ चा नवा करार विद्वत्तेच्या दृष्टीने उत्तम होता, पण वाचायला बसले की जीभ अडखळायची. सॅल्सबरीला आपली भाषा लॅटिनइतकी प्रतिष्ठित दिसायला हवी होती. म्हणून तो शब्द उच्चाराप्रमाणे न लिहिता मूळ लॅटिन रूपाशी जुळेल असे लिहीत असे. चर्चला वेल्शमध्ये ‘एग्लुइस’ म्हणतात. सॅल्सबरी लिहायचा ‘एक्लेस’. त्याहून मोठी अडचण वेल्शमधील आद्याक्षर बदलण्याची होती.

मराठी वाचकाला हे समजणे सोपे आहे, कारण आपणही शब्द बदलतो, फक्त दुसऱ्या टोकाला. आपण ‘घोडा’ला विभक्ती लावताना ‘घोड्या’ करतो, शब्दाचा शेवट बदलतो. वेल्शमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. डोक्याला ‘पेन’ म्हणतात. ‘माझे डोके’ म्हणताना ते ‘म्हेन’ होते, ‘तुझे डोके’ म्हणताना ‘बेन’ आणि ‘तिचे डोके’ म्हणताना ‘फेन’. बोलणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. सॅल्सबरीला मात्र मूळ शब्द कागदावर शाबूत दिसायला हवा होता, म्हणून ‘माझे’ या शब्दापुढेही तो ‘पेन’च लिहायचा आणि बदल वाचणाऱ्याने तोंडाने करावा अशी अपेक्षा ठेवायचा. कोणी ‘घोडाला पाणी पाज’ असे लिहून ‘घोड्याला’ वाचा म्हणावे, तसा हा प्रकार. भर उपासनेत, मंडळी समोर बसलेली असताना, अर्धशिक्षित पाद्र्याने हे वाचायचे. तक्रारी झाल्या त्यात नवल नाही.

मॉर्गनने १५८८ मध्ये जुना करार स्वतः मूळ हिब्रूवरून भाषांतरित केला, आणि नव्या करारासाठी सॅल्सबरीचेच काम घेऊन ते काळजीपूर्वक शुद्ध केले. सॅल्सबरीच्या नेमक्या शब्दयोजनेचा पुष्कळसा भाग त्याने राखला आणि लेखन मात्र उच्चाराबरोबर आणले. भाषेचा दर्जा ठरवण्यासाठी त्याने वेल्श दरबारी कवींची परंपरा समोर ठेवली. हे कवी शतकानुशतके कडक छंदांत रचना करत आले होते आणि त्यांच्यापाशी उत्तर आणि दक्षिण वेल्समध्ये सारखीच मान्य असलेली एक शिष्ट भाषा होती. त्यांना आश्रय देणारी घराणी तेव्हा इंग्रजीकडे वळत होती, कवींचा व्यवसाय उतरणीला लागला होता. तो पूर्ण बुडण्याआधी त्यांची भाषा गद्यात उतरवून घेतली गेली. पाणीगेट यांचे म्हणणे बरोबर आहे की बोलली जाणारी वेल्श १५८८ मध्ये धोक्यात नव्हती. धोक्यात होती ती सर्वांची मिळून एक असलेली लिखित भाषा. ती नसती तर वेल्श अनेक बोलींत विखुरली असती, आणि ग्रिफिथ जोन्सला शिकवायला एक सर्वमान्य पुस्तक मिळाले नसते.

हे वाचताना मला नेहमी पैठण आठवते. एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये. मॉर्गन आपल्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतील गावात) हिब्रूशी झुंजत होता त्याच वर्षांत गोदाकाठी पाठभेद काढून टाकण्याचे काम चालले होते. दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता आणि कामाचे स्वरूपही वेगळे होते. नाथांपुढे तीनशे वर्षांपूर्वीचा मराठी ग्रंथ होता, मॉर्गनपुढे परकी भाषा. तरीही ग्रंथ लोकांच्या कानी शुद्ध पडावा ही तळमळ मला दोन्हीकडे दिसते.

रावपुऱ्याहून

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘घोडाला पाणी पाज’ हे उदाहरण मी व्याख्यानात घेईन. पाणीगेट यांचा आक्षेपही मांडेन, कारण तो टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही.

आता मॉर्गन या माणसाविषयी विचारते. एका डोंगराळ गावच्या पाद्र्याने हिब्रू कुठे शिकली? आणि छपाई लंडनमध्ये झाली तर त्याने ती दुरून कशी सांभाळली? मंडळात एक निवृत्त मुद्रक आहेत. त्यांचा पहिला प्रश्न हाच असणार आहे.

उत्तर : जुनी बखर

मॉर्गनचा जन्म १५४५ च्या सुमारास उत्तर वेल्समधील पेनमाखनोजवळच्या वीबरनांत खोऱ्यात, ‘टी माउर’ नावाच्या शेतघरात झाला. वडील ग्विदिर इस्टेटीवरचे कूळ होते. तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकला, आणि तिथे लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू तिन्हींचा पाया पक्का झाला. १५७८ मध्ये तो लानराइअदर-अम-मॉखनांत या गावचा पाद्री झाला. भाषांतराचे बहुतेक काम त्याने तिथेच केले.

हे काम शांतपणे झाले असेल अशी कल्पना करू नका. पॅरिशमधील एका प्रबळ घराशी त्याचे वैर होते आणि ते पुढे थेट स्टार चेंबर या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले. मॉर्गन झग्याखाली पिस्तूल बाळगून उपासनेला येतो, असाही आरोप विरोधकांनी केला होता. वेल्श गद्याचा पाया घालणारा ग्रंथ अशा भांडणाच्या धुमाळीत लिहिला गेला, हे मला फार मोलाचे वाटते. ग्रंथाच्या लॅटिन अर्पणपत्रिकेत त्याने राणीपुढे मोकळेपणाने सांगितले आहे की, अडचणी आणि खर्च यांपुढे हात टेकून तो बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवरच थांबणार होता. आर्चबिशप व्हिटगिफ्टने धीर आणि मदत दिली म्हणून पुढे गेला. त्याच अर्पणपत्रिकेत त्याने विरोधकांच्या युक्तिवादालाही उत्तर दिले आहे. राज्याच्या ऐक्यासाठी लोकांनी इंग्रजी शिकावी हे त्याला मान्य होते, पण ती शिकून होईपर्यंत त्यांना धर्मज्ञानावाचून मरू द्यायचे का, असा त्याचा सवाल होता. आणि माणसांना भाषेच्या ऐक्यापेक्षा धर्माचे ऐक्य अधिक घट्ट बांधते, असे त्याचे म्हणणे होते. राज्यकर्त्यांना पटेल त्याच भाषेत त्याने आपल्या भाषेची बाजू मांडली.

आपल्या मुद्रकमित्रांना सांगा की छपाई दुरून सांभाळलेली नव्हती. राजमुद्रक क्रिस्टोफर बार्कर याच्या कारभाऱ्यांकडे काम होते, आणि जुळाऱ्यांना (खिळे जुळवणाऱ्या कामगारांना) वेल्शचा गंधही नव्हता. म्हणून मॉर्गन सुमारे वर्षभर लंडनमध्ये जाऊन राहिला. वेस्टमिन्स्टरचा डीन गेब्रिएल गुडमन हा मूळ वेल्समधील रिथिनचा. त्याने आपल्या घरी त्याची सोय केली आणि मॉर्गनने तिथे राहून मुद्रिते तपासली. जुळाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत, ज्या भाषेत शब्दाचे पहिले अक्षर वाक्यागणिक बदलते त्या भाषेत, इतका मोठा ग्रंथ तपासणे किती कष्टाचे असेल, हे त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळेल.

पुढची हकीकत थोडक्यात. १५९५ मध्ये तो लँडाफचा आणि १६०१ मध्ये सेंट असाफचा बिशप झाला. नव्या कराराची आणखी शुद्ध केलेली प्रत त्याने छापण्यासाठी लंडनला पाठवली होती, पण १६०३ च्या प्लेगमध्ये पुस्तकविक्रेता शहर सोडून पळाला आणि ते हस्तलिखित हरवले. १६०४ मध्ये मॉर्गन वारला तेव्हा तो गरीबच होता. त्याच्या हाताखाली तयार झालेले मालविडचे जॉन डेव्हिस आणि बिशप रिचर्ड पॅरी यांनी १६२० मध्ये सुधारलेली आवृत्ती काढली. तीच पुढे १९८८ मध्ये, चारशे वर्षे पूर्ण होताना, नवे भाषांतर निघेपर्यंत वेल्समध्ये चालत राहिली.

उत्तर : पोथीवाचक, दांडियाबाजार

मी वेल्सच्या इतिहासाचा अभ्यासक नाही. पण ताईंनी आपल्या आजोबांचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

आपल्या वडोदऱ्यात भाषेला दरबाराचा आधार मिळाल्याची उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ हा कोश निघाला, ज्यात इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत अशा अनेक भाषांतील प्रतिशब्द दिले आहेत. म्हणजे आपल्याकडे भाषेला कचेरीत जागा होती, आणि वेल्शला नेमकी तीच नव्हती. संस्थान विलीन झाल्यावर आम्हां दक्षिणी मंडळींच्या मराठीची ती जागा गेली. त्यात अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. हा प्रांत गुजरातीचा आहे आणि या शहराने आम्हाला नेहमी आपले मानले. पण त्यामुळे १५८८ आणि सयाजीरावांचे वडोदरे यांची थेट तुलना ताईंनी करू नये असे मला वाटते. तिथे एका देशाची बहुसंख्यांची भाषा होती, इथे राज्यकर्त्यांबरोबर आलेल्यांची.

तुलना करायचीच असेल तर ती ऐकण्याची करावी. वरच्या सर्व चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा शब्द वाटला तो ‘दर रविवारी’. १५८८ च्या ग्रंथाचे वाचक थोडे होते, हे पाणीगेट यांनी दाखवले. पण त्याचे श्रोते पहिल्या वर्षापासून हजारो होते. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात चातुर्मासात रोज दुपारी पोथी लागायची. वाचणारी एक, ऐकणाऱ्या पंधरा-वीस. त्यातल्या निम्म्या बायकांना सही येत नव्हती आणि बाजारात त्या गुजरातीच बोलत. पण त्यांच्या बोलण्यात ओव्यांमधले शब्द सहज यायचे, आणि पोथी वाचणारीने एखादा शब्द चुकवला तर न वाचता येणाऱ्या आजीच तिला थांबवायच्या. लिहिलेली भाषा न वाचता अंगी मुरते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लानराइअदरच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या शेतकऱ्याचे काय झाले असेल, याची कल्पना करताना मला ती दुपार आठवते.

पाणीगेट विचारतात, केवळ देवघरात जिवंत ठेवलेली भाषा पुरेशी जिवंत असते का. पुरेशी नसेल. परंतु वेल्शने त्या एका जागेवर उभे राहून १९०१ च्या जनगणनेपर्यंत वेल्समधील जवळजवळ निम्मे लोक आपल्याकडे ठेवले होते, आणि तेसुद्धा कोळसा-लोखंडाच्या कारखान्यांनी तो देश उलथापालथा केल्यानंतर. न्यायालय मिळाले असते तर किती ठेवले असते, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही.

उत्तर : पाणीगेट

पोथीवाचक यांचा ऐकण्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. ग्रिफिथ जोन्सचे काम मोठे, हे माझे मत कायम आहे; पण त्याच्या शाळेत येणाऱ्या प्रौढांनी तो मजकूर आयुष्यभर ऐकलेला होता, म्हणूनच ते तीन महिन्यांत वाचू लागले, हे आता मला स्पष्ट दिसते. ऐकून पाठ असलेले वाक्य डोळ्यांनी ओळखायला वेळ लागत नाही.

रावपुऱ्याहून

व्याख्यानाची मांडणी आता ठरली. सुरुवात १५८८ पासून न करता १५६३ च्या त्या कलमापासून करेन, ज्यात शेजारी इंग्रजी प्रत ठेवायला सांगितली आहे, आणि मग १५८८ च्या नाताळाकडे येईन. ‘बायबलने भाषा वाचवली’ हे वाक्य गाळते. त्याऐवजी, त्या वर्षी वेल्श भाषेला दर आठवड्याला मोठ्याने वाचली जाण्याचा हक्क मिळाला, एवढेच म्हणेन, कारण तेवढे नक्की सांगता येते.

एक छोटी विनंती राहिली. ‘लानराइअदर’ मधला पहिला ‘ल’ आपल्या ‘ल’सारखा नाही असे वाचले आहे. तो मंडळींपुढे निदान जवळपास तरी बरोबर उच्चारावा अशी इच्छा आहे.

उत्तर : व्याकरणाचा विद्यार्थी

जीभ ‘ल’ म्हणताना जिथे टेकते तिथेच टेकवा, आवाज मुळीच काढू नका, आणि जिभेच्या कडेने नुसता श्वास जोरात सोडा. ‘ह’ आणि ‘ल’ एकाच वेळी उच्चारल्यासारखे ऐकू येईल. चार-पाच वेळा केले की जमते. शेवटच्या ‘मॉखनांत’मधला ‘ख’ घशातून, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा काढा, म्हणजे पुरे.